खोडदच्या झोपचोराचा तपास

गेणभाऊंच्या मते पुणे जिल्ह्यात आभाळापलीकडचं दोघांनाच कळतं: एक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला आणि दुसरं खुद्द गेणभाऊंना. त्यातही दुर्बिणीला तीस तबकड्या लागतात. गेणभाऊंचं एका कपबशीवर भागतं. अवसरी बुद्रुकात त्यांनी उकललेली प्रकरणं सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण ते ती सगळ्यांना सारखी ऐकवत. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर कुणी नेला, हे त्यांनी चार दिवसांत शोधून काढलं होतं. तो त्यांनीच दुरुस्तीला टाकला होता, ही गोष्ट वेगळी. "पण शोध लागला का न्हाई?" असं ते विचारीत, आणि लागला होता हे खरंच होतं.

असल्या मामाला आपण होऊन खोडदला सासरी बोलवायचं, म्हणजे आरतीवर वेळच तशी आली होती.

तिचा नवरा सार्थक. मेंढरं वळणाऱ्या घरातला पोरगा. जूनपासून शाळेची व्हॅन चालवायचा. पण व्हॅन धरली आणि त्याला दिवसाढवळ्या झोप धरायला लागली. चुलतभावाच्या लग्नात तो मुठीत अक्षता घेऊन उभ्याउभ्या झोपला. तिसऱ्या मंगलाष्टकाला मूठ सुटली आणि अक्षता पुढच्या पाहुण्याच्या कॉलरीत गेल्या. इथवर हसण्यावारी होतं. मग एक दिवस मुलं उतरल्यावर त्याने उभ्या व्हॅनच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि हॉर्न पाच मिनिटं वाजत राहिला. कुणी बडी असामी आली समजून हेडमास्तर टोपी घालून फाटकापर्यंत धावले.

व्हॅनमालक बाळासाहेबांनी तिथल्या तिथे किल्ली काढून घेतली. "दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडंल. तवर झोपेच्या डॉक्टरचा कागद आण. न्हाई आणला, तर दुसरा डायवर बघितलाय."

हातात पंधरा दिवस होते. आरतीने मोबाइलवर झोपेचे आजार वाचले. चौदा होते. त्यातले अकरा सार्थकला होतेच, उरलेले तीन तिला स्वतःला झाल्यासारखं वाटायला लागलं. मग तिने नारायणगावच्या झोपेच्या दवाखान्यात नंबर लावला आणि घाबरून मामालाही फोन केला. हा फोन चूक होता, हे मामा आल्यावर पहिल्या चहालाच तिला कळलं.

"आरते, वही काढ," गेणभाऊ म्हणाले. "तू बी.एस्सी. झालीस, तू आमची असिस्टंट. लिही. चोरीला गेलेला माल: झोप. चोर: अज्ञात."

"पावणं, म्या काय म्हंते," सासू बानूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "झोपंचं म्हंजी..."

"विहीणबाई, साक्षीदारानं विचारल्याबिगर बोलू नये. कोर्टाचा नियम हाय."

बानूबाई भाकरीकडे वळल्या. भाकरीला कोर्टाचा नियम नव्हता.

पहिला संशय दुर्बिणीवर गेला. तबकड्या आभाळातून जे येईल ते ओढून घेतात, मग खालून वर जाणारी झोप सोडतात होय? "सार्थक झोपतो ती पडवी त्या तबकडीच्या बराबर समोर हाय," गेणभाऊ म्हणाले.

"मामा, मग तिथले साहेब लोक कसे झोपतात?"

"त्यांची सरकारी झोप. तिला धक्का लागत न्हाई."

दुसरा संशय बाळासाहेबांवर. त्यांना त्यांचा मेव्हणा डायवर म्हणून घुसवायचाय, म्हणून ते चहातून काहीतरी देतात. पुरावा म्हणून गेणभाऊ बाळासाहेबांकडे जाऊन तीन कप चहा पिऊन आले आणि संध्याकाळपर्यंत घोरले. सिद्ध झालं म्हणून त्यांनी वहीत खूण केली. ते रोजच दुपारी घोरतात, हे आरतीने खाली कंसात लिहून ठेवलं.

दवाखान्यात सार्थकला एक रात्र ठेवून घेतलं. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, समोर कॅमेरा. सकाळी सगळं घर तिथे हजर झालं. बानूबाईंच्या कडेवर आरतीची सात महिन्यांची लेक होती. सासरे बिरदेव आत आलेच नाहीत. पागोटं सावरत बाहेर पायरीवर बसले. गेणभाऊ मात्र डॉक्टर बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, जणू तेही त्याच कॉलेजातून सुटलेत.

"घोरणं नाही. श्वास अडकत नाही," डॉ. दिशा पडद्यावरच्या रेघा दाखवत म्हणाल्या. "पण हे पाहा. दर तासाला हे पूर्ण जागे होतात. आणि असं करतात."

पडद्यावर सार्थक तारांसकट ताडकन उठून बसला, खिडकीकडे तोंड केलं आणि छाती भरून ओरडला, "ओऽऽऽ!" आणि लगेच आडवा. तासाने पुन्हा तेच. रात्रीत सात वेळा.

"मी?" सार्थक म्हणाला. "मला तर कायबी आठवत न्हाई."

आरती लेकीला घेऊन आतल्या खोलीत दार लावून, पंखा लावून झोपायची. पुढच्या पडवीत काय चालतं तिला ठाऊकच नव्हतं. "मॅडम, हे... डोक्याचं काही नाही ना?"

"पुण्याला आणखी तपासण्या कराव्या लागतील. महिना तरी जाईल."

महिना. शाळा आठ दिवसांवर आली होती. सार्थकने मान खाली घातली.

"थांबा!" गेणभाऊ उठले. "तपासणी नको. मला दिसलं. दर तासाला वराडतो, म्हंजी याच्या अंगात घड्याळ हाय. गेल्या जन्मी हा तुरुंगातला पहारेकरी असणार, तिथं तासाला टोल देत्यात. आरते, लिही."

आरतीने लिहिलं नाही.

"म्या बोलू का आता?" बानूबाईंनी विचारलं. "का अजून कोर्ट उघडं हाय?"

"बोला ना आई," डॉक्टर म्हणाल्या.

"अवो, ह्यात काय शोधायचं? तो बापाला ओ देतोय. मेंढरं वाघरात, म्हंजी जाळीच्या कुंपणात, कोंडली की एका कडंला बाप झोपायचा, दुसऱ्या कडंला ह्यो. तवा नऊ वर्साचा व्हता. बिबट्या कुठून यील सांगता येत न्हाई, म्हून बाप तासाला हाक मारायचा आन् ह्यो ओ द्यायचा. आजून मारतोय. घराच्या मागं, रोज."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?" आरतीने विचारलं.

"तोंड उघडलं व्हतं की. पावण्यांनी मिटवलं. आन् सगळीकडं असंच असतंय वाटलं मला." त्यांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आधी दुपारी बाभळीखाली दोघं बापलेक दोन तास लवंडायचे. व्हॅन धरल्यापासनं ह्याची दुपार गेली."

सासऱ्यांची, आबांची हाक मागच्या खिडकीतून आरतीने रोज ऐकली होती. बिबट्याला हुसकावताहेत, एवढंच तिला वाटायचं. तिच्या माहेरी मेंढरं सुटून दोन पिढ्या झाल्या होत्या. अशा हाकेला ओ द्यायची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बिरदेवांना आत बोलावलं.

"आबा, आता मेंढ्या किती आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात."

"आणि कुंपण?"

"तारंचं हाय. लाइटबी हाय."

"मग अजून हाक कशाला?"

"कुंपण मेंढरांला घातलंय, बाई. पोराला कुठं घातलंय? ओ आली की कळतं, हाय म्हून."

कुणीतरी हसेल असं वाटलं, पण कुणी हसलं नाही. आरती तर नाहीच. रात्रीतून सहा वेळा लेकीच्या नाकाखाली बोट धरणाऱ्या बाईने कुणाला हसायचं?

डॉ. दिशांनी कागदावर उपचार लिहिला: आबांनी रात्री हाक मारू नये. सात रात्रींनी पुन्हा तपासणी. जाग थांबलेली दिसली, तर बाळासाहेबांना हवा तो कागद. "इथे हाक नसतानाही ते उठले; सवय मोडायला वेळ लागतो. मध्येच कुणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून," त्यांनी बजावलं. गेणभाऊंनी वहीत 'मुख्य सूत्रधार: बिबट्या, फरार' असं नोंदवलं आणि दुपारच्या एस.टी.ने अवसरीला गेले.

पहिल्या दोन रात्री सार्थक हाकेवाचूनच उठला. तिसऱ्या रात्री चारदा, चौथ्या रात्री एकदा. आरती दार उघडं टाकून मोजत होती.

पाचव्या रात्री काहीच नाही. बारा वाजले, एक वाजला. पडवीत शांत, मागे शांत. आणि त्या शांततेनेच आरतीची झोप उडाली. आबांचं वय झालेलं, ऊस दाट उभा. कुंपण असलं म्हणून काय झालं? तिने स्वतःला पुष्कळ दटावलं, उशी कानावर घेतली, आणि दोन वाजता मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिच्या तोंडून निघून गेलं, तेही चांगलं मोठ्याने:

"आबाऽऽ!"

मागून ताबडतोब आलं, "ओऽऽऽ!" वाटच बघत असल्यासारखं.

आरतीने जीभ चावली. एक हाक, आणि वर एक ओ! सवय, सात रात्री, कागद, किल्ली, सगळं आपण आपल्या तोंडाने घालवलं. श्वास धरून ती पडवीच्या दारात आली.

ओ द्यायच्या ऐवजी सार्थकने कूस बदलली, गोधडी कानावर ओढली आणि झोपेतच पुटपुटला, "बाळासाहेबांना म्हणावं, सक्काळी या."