टाकीवरून आलेलं नाव

"तू फक्त पाळणा सजव. नेटचा जिम्मा माझा!" परमेश्वर छाती पुढं काढून म्हणाला, आणि भक्तीनं कपाळाला हात लावला. नवऱ्यानं कशाचा जिम्मा घेतला की पुढं काय होतं, हे तिला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. वरातीच्या गाडीत डिझेल टाकायचा जिम्माही त्यानंच घेतला होता!

प्रश्न बारशाचा होता. भक्तीचं बाळंतपण माहेरी, पिंगळीला झालं. तीन महिन्यांची लेक घेऊन ती चारठाण्याला सासरी आली आणि सासूनं, कमलबाईंनी, बारशाचा दिवस धरला. तर ऐन वेळी पुण्याच्या नणंदेचा, राजेश्रीताईंचा निरोप आला. "कंपनीत सुट्टी देईनात. मी व्हिडिओ कॉलवरूनच बाळाच्या कानात नाव सांगते!"

सुट्टी नव्हती म्हणे! पण त्याच सकाळी ताईंच्या स्टेटसवर ताई महाबळेश्वरला मक्याचं कणीस खात होत्या. दाणा न् दाणा दिसत होता इतका स्वच्छ फोटो! भक्तीनं तो नवऱ्याच्या नाकापुढं धरला.

"जुना आसंल," परमेश्वर म्हणाला.

"अन् अंगातला ड्रेस? मागल्या आठवड्यात तुमीच ऑनलाइन पाठविलेला!"

"आसं का? बसला की चांगला!"

भक्तीच्या डोक्यात राग दुधासारखा वर आला. फरक एवढाच, की गॅस बारीक करायला जवळ कुणी नव्हतं.

रागाचं मूळ मात्र कणसात नव्हतं. ते नावात होतं. लेक पोटात असतानाच भक्तीनं नाव ठरवलं होतं, केतकी. भाकरी थापता थापता ती पोटाशी बोलायची, "केतके, दम धर जरासा, तवा तापू दे." आतून लाथ यायची. पोरीला नाव पसंत होतं! पण नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणून भक्तीनं आठवड्यापूर्वी फोनवर, आवाजात साखर घालून, ताईंना विचारलं होतं.

"केतकी? जुनाट वाटायलंय गं," ताई म्हणाल्या. "मी नेटवर शोधलंय. झियांशी!"

"म्हंजी काय, ताई?"

"देवीच्या पैंजणाचा पहिला नाद. वेबसाइटवर लिहिलंय."

भक्तीनंही शोधलं. दुसऱ्या वेबसाइटवर झियांशी म्हणजे चंद्रावर पडलेलं दव होतं. तिसरी वेबसाइट अर्थ सांगायच्या आधी मोबाइल नंबर मागत होती! मग तिनं नवऱ्याला गाठलं.

"आवो, तुमी बोला की ताईंना."

"ताई रुसली तर?"

"अन् मी रुसले तर?"

"तू काय, घरातच हायेस की!"

हे वाक्य भक्तीनं गिळलं. पचलं मात्र नाही.

बारशाच्या दिवशी अंगणात बाया जमल्या. घरात बोलण्यापुरती रेंज होती, नेटची मात्र फक्त स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीजवळ. परमेश्वरानं सगळ्यांना समजावलं, "इंटरनेट म्हंजी पाइपलाइन! टाकीवर हाय रेंज, म्हंजी पाण्याची हीर. तिथं बाबांचा फोन, ती मोटार. हॉटस्पॉट म्हंजी पाइप. पाइपातून नेट खाली माझ्या फोनात येतंय. हाय का न्हाई सोपं?"

मग त्यानं आपल्या वडिलांना, आश्रुबांना, फोन देऊन टाकीवर बसवलं. "बाबा, फोन असा वर धरायचा. हलायचं न्हाई."

"अन् कुणाचा फोन आला तर?"

"उचलायचाच न्हाई! तुमी बोलाया लागलात की त्या फोनचं नेट बंद. पाणीच तुटतंय!"

"बरं बरं. मी काय लेकरू हाय का?" म्हणत आश्रुबा हात वर करून बसले. खालून ते बुजगावण्यासारखे दिसत होते.

कॉल लागला. ताई अवतरल्या. बाया खूश! आता रीत अशी, की आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं आणि तेवढ्यात बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या. शेजारच्या सवितानं शंका काढली, "आत्याबाई तिकडं पुण्याला. मग पाठ कुणाची?"

याचा विचार नेटच्या इंजिनियरानं केलाच नव्हता! तोवर भक्ती पाळण्यावर वाकली होती. फोन लेकीच्या कानाशी धरायचा मान तिचा.

"कुर्रर्र..." ताईंनी सुरुवात केली, आणि पडद्यावर थिजल्या. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हुबेहूब कणीस खाताना दिसत होत्या तशा!

पण 'कुर्र' झालं होतं. बायांना तेवढं पुरे होतं. वाकलेली एकच पाठ समोर होती. धप! धप! गल्लीतल्या केशरबाईंची बुक्की तर अशी बसली, की त्यांनी जन्मभर मिरच्याच कुटल्या असाव्यात! "अवो, मी आई हाय, आई! आत्या न्हाई!" भक्ती ओरडली. ऐकतंय कोण?

ती कमरेवर हात ठेवून कशीबशी सरळ झाली. "काय नाव ठिवलं गं?" बायांचा एकच गिल्ला. भक्तीनं फोनकडं पाहिलं, गोल चक्र फिरत होतं. पाळण्यात पाहिलं, लेक टुकूटुकू तिच्याचकडं बघत होती.

"केतकी!" भक्ती म्हणाली. "ताई केतकी म्हणाल्या!"

पाळणा गायला गेला. घुगऱ्या वाटल्या गेल्या. बाया मूठमूठ हरभरे तोंडात टाकायला लागल्या, तोच जिन्यावरून टाकी खाली आली. म्हणजे आश्रुबा आले, फोन कानाला लावून!

"हां मुंजाजी, बोल! गोऱ्हा का? रंगानं गोरा हाय, लाथा मारतो जरा, पण गुणाचा हाय!" हे सगळं विकायच्या वासराबद्दल, पण पाळण्यात डोकावत. बाया हसून हसून आडव्या.

"बाबा! उचलू नका म्हणलं होतं ना!"

"आरं, कामाचा फोन हाय! अन् गोऱ्ह्याचा सौदा काय टाकीवर बसून करायचा का?"

त्यांना फोन कापायला लावून पुन्हा वर पिटाळलं. पडदा हलला. "...झियांशी!" ताई आनंदानं किंचाळल्या. "ऐकलं का सगळ्यांनी?"

सगळ्यांची तोंडं घुगऱ्यांनी भरलेली. केशरबाईंनीच आधी गिळलं. "झियां... कोण? आमी तर केतकीच्या घुगऱ्या खायलाव!"

"भक्ते! माझा मान चोरलास!"

आता मात्र आठवडाभर दाबलेलं झाकण उडालं. "चोरला? नऊ महिने पोटात मी वागिवलं! तुमच्या वाटच्या बुक्क्या पाठीत मी खाल्ल्या! अन् तुमी महाबळेश्वरात कणसं खाऊन नाव ठिवणार?"

कमलबाईंनी मान वळवली. "कणीस? कुठलं कणीस गं, राजी? तुला तर सुट्टी नव्हती!"

ताई पुन्हा थिजल्या. या वेळी नेट चालू होतं!

कमलबाईंनी पदर खोचला आणि निकाल दिला. "खाल्लेल्या घुगऱ्या परत घेता येत न्हाईत. पोरगी केतकी. झालं!"

भक्तीला वाटलं, पाठीचं सोनं झालं. पण फोनमधून आवाज आला, "थांबा! मी उद्याच्या उद्या येते! बघते कशी केतकी म्हणता ते!"

सुट्टी मिळाली होती!

दुसऱ्या दिवशी राजेश्रीताई भलीमोठी बॅग घेऊन उतरल्या. मग घरात नुसतं युद्ध! एकीकडून "केतके, इकडं बघ!" दुसरीकडून "झियांशी, माय पिल्लू!" पोरगी दोघींकडं ढुंकूनही बघेना, मूठ चोखत पडलेली. संध्याकाळी आश्रुबा शेतातून आले, पाळण्यात वाकले आणि म्हणाले, "काय गं बबडे?"

पोरगी बोळकं उघडून खळखळून हसली!

झालं. सविता बबडी म्हणायला लागली, केशरबाई बबडी, परमेश्वर बबडी. निकाल देणाऱ्या कमलबाईसुद्धा बबडी! भक्ती प्रत्येकाला दटावत फिरली. "केतकी म्हणा! पाठ सुजलीय माझी या नावापायी!"

एका दुपारी पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. पाजून झालं, खांद्यावर टाकून झालं, "केतके, केतके" करून घसा बसला. शेवटी भक्तीनं आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि लेकीच्या कानाशी तोंड नेलं.

"बबडे..."

पोरगी हुंकारली आणि तिनं डोळे मिटले.

भक्तीनं मान वर केली, तर दारात राजेश्रीताई!

"मी काय ऐकलं न्हाई," ताई हळूच म्हणाल्या, आणि चप्पल काढून आत येत त्याहून हळू, "झोपली का बबडी?"