दोराचं दुसरं टोक

माझी थैली भरलेली असली की मी कुणाच्या बापाला भीत नाही! हे वाक्य मी कारखान्यात, बुवापाड्याच्या नाक्यावर, मेहुणीच्या साखरपुड्यात, जिथे जमेल तिथे म्हणत असे. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर. कुठलं यंत्र कधी रुसेल आणि रुसल्यावर त्याला काय लागेल, हे आधीच ओळखून ठेवायचं, हीच आमची नोकरी. त्यामुळे ब्याण्णव साली लछूने त्याची ती अजब गाडी बनवली, तेव्हा सामानाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

लछू माझा शाळेपासूनचा दोस्त. उल्हासनगरचा सिंधी, स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज. कुठल्याशा परदेशी मासिकात त्याने एक फोटो पाहिला. हँडल मोटारसायकलचं, चाकं मात्र चार, आणि वर बसलेला गोरा डोंगर चढतोय! खाली लिहिलं होतं, 'क्वाड'. झालं! उल्हासनगरात फोटो बघून काय बनत नाही? दोन मेलेल्या स्कूटरी, एका रिक्षाचा मागचा दांडा, भंगारातला हॉर्न, आणि श्रावण संपेस्तोवर लछूची क्वाड तयार!

"हरिभाऊ, रोडवर काय कोणीपण चालवेल," तो म्हणाला. "अपने को पहाड में टेस्ट करनेका. सामान तू घे."

मी घेतलं. पाने, प्लग, क्लचची वायर, पंक्चरचा डबा, हातपंप, टिंक्चर आयोडीन, पट्ट्या, मेणबत्त्या, जाड दोरखंड, शिट्टी. टॉर्चच्या काचेवर धोक्याची खूण म्हणून लाल जिलेटिन चिकटवलं. आणि पावसासाठी पांढऱ्या प्लास्टिकचा एक मोठा कागद, मधोमध डोकं घालायला भोक पाडलेला.

"डोंगरावर चाललाय की नवा संसार थाटायला?" माझी बायको मालिनी म्हणाली.

"संकट सांगून येत नाही!"

"येईल कशाला? त्याला बसायला जागा कुठाय गाडीवर?"

गणपती होऊन गेल्यावरच्या रविवारी आम्ही क्वाड टेम्पोत घातली. कुळगाव ओलांडलं आणि चामटोली गावाच्या अलीकडे, ओढ्यापाशी उतरवली. टेम्पोवाला संध्याकाळी येतो म्हणून गेला. आम्ही कच्च्या वाटेने पठाराकडे निघालो. पुढे लछू, मागे मी, पोटाशी थैली, आणि गाडी अशी उडत होती की माझ्या दाढांची आपसात ओळख व्हायला लागली!

पहिल्याच चढावर क्लचची वायर तुटली. मी लगेच नवी काढून दिली. दुसऱ्या चढावर प्लग गेला. मी खिशातून सुपारी काढावी तसा प्लग काढला. लछूने हात जोडले. "हरिभाऊ, तू माणूस नाय, दुकान आहेस!" माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण गेलं. सुईदोराही होता म्हणा थैलीत.

पठारावर पोचलो आणि धुकं आलं.

आलं म्हणजे कसं? समोरची टेकडी होती, मग नव्हती. मग समोरचं झाड नव्हतं. मग लछूचं डोकं सोडलं तर जगात काहीच नव्हतं. वाराही थांबला. एरवी त्या दिवसांत रान किडे-पाखरांनी नुसतं किरकिरत असतं, तेसुद्धा कुणी तोंडावर हात ठेवावा तसं गप्प झालं.

"उजवीकडे कडा आहे ना रे?" मी विचारलं.

"मघाशी होता. आता कुठे गेला, काय माहीत!"

आम्ही बैलगाडीच्या वेगाने निघालो. बराच वेळ गेला. अचानक लछूने ब्रेक मारला. समोर चिखलात चाकांच्या खुणा होत्या. ताज्या. दोन नाही, चार चाकांच्या!

"दुसरी क्वाड?" लछू कुजबुजला.

"अरे, सगळ्या जिल्ह्यात अशी एकच आहे, आणि तिच्यावर आपण बसलोय!"

म्हणजे आम्ही गोल फिरून तिथेच आलो होतो. मी म्हटलं, होतं असं धुक्यात. पुन्हा निघालो, या वेळी मुद्दाम डावीकडे. पुन्हा त्याच खुणा. फक्त आता त्या दुप्पट झाल्या होत्या.

"साईं, याला चकवा बोलतात ना तुमच्यात?"

"आमच्यात असलं काही मानत नाहीत," मी ठणकावलं. आमच्या घरात भुताखेतांना बंदी. बाबा त्यावर भाषणं द्यायचे, मीही देतो. फक्त या वेळी भाषणाचा आवाज जरा बारीक निघाला.

तिसऱ्या फेरीत मागचं चाक घळीत गेलं आणि इंजिन बंद पडलं. लछूने मदतीसाठी हॉर्न दाबला. हॉर्नमध्ये पाणी गेलेलं. त्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून आम्ही दोघंही उडालो. तान्हं पोर गुदमरून रडावं तसा! लछूने हात काढला, तरी हॉर्न रडणं संपवायला जरा वेळ घेत होता.

आणि त्यानंतरच्या शांततेत, धुक्यातून कुठून तरी, बाईच्या आवाजात हाक आली.

"ये... ये गं... ये..."

लांब नाही. जवळही नाही. अगदी मायेने. लछूने माझा हात धरला. मी त्याचा आधीच धरलेला होता.

"कोण आहे?" मी ओरडलो. जरा वेळाने हाक पुन्हा आली, आता दुसऱ्या बाजूने. "ये गं..."

पण स्टोअरकीपर तो स्टोअरकीपर! मी थैलीतून दोरखंड काढला. "हे बघ. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं गाडीला. मी वाट शोधतो. काही झालं तर दोर धरून परत येतो. तू इथून हलायचं नाही."

प्लास्टिकचा पांढरा कागद अंगावर चढवला, लाल टॉर्च गळ्यात अडकवला, शिट्टी दातात धरली आणि एक एक पाऊल चाचपत निघालो. लवकरच दोर ताणला गेला.

"ढील दे!" मी शिट्टी काढून, पतंग उडवल्यासारखा ओरडलो.

"दोर संपला!" मागून लछू. "थांब, गाडीचा सोडतो. इथे पुढे सुकलेला खुंट आहे, त्याला बांधतो!"

"घट्ट बांध!"

"एकदम पॅक!"

दोर सैल झाला. मी चार पावलं पुढे टाकली. आणि दोर हलला.

आधी हळूच. कुणी पदर ओढून बोलवावं तसा. "लछू, मस्करी नको," मी म्हणालो. लछूचा आवाज आला, पण भलतीकडून! "मी कुठे काय करतोय? मी गाडीपाशी आहे!"

मग दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?

शिट्टी पुन्हा दातात धरली, पण विचार करायला सवड मिळाली नाही. पुढच्या हिसक्याला मी तोंडावर आपटलो, उठलो, पुन्हा आपटलो, आणि मग धावायलाच लागलो! दोर पुढे धुक्यात गेलेला. त्या टोकाला काहीतरी मोठं, जड, काळं चाललेलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. फूं... फूं... गाठ सोडावी म्हटलं, तर ती मीच कारखान्याच्या पद्धतीने मारलेली, जितकी ओढाल तितकी आवळणारी! चाकू होता, पण थैलीत, आणि थैली लछूकडे! ओरडावं तर तोंडात शिट्टी. प्रत्येक हिसक्याला फुर्रर्र! फुर्रर्र! मागून लछूचा हॉर्न त्या पोरासारखा रडत होता आणि तो रडण्याचा आवाज दूर दूर जात होता.

त्या क्षणी मी सगळं मानलं. चकवा, मुंजा, खवीस, सगळं! 'आई गं! आई गं!' एवढंच शिट्टीच्या कडेने बाहेर पडत होतं, पार खालच्या गावापर्यंत.

उतार सुरू झाला, धुकं विरळ झालं, आणि पुढे चाललेलं ते दिसलं. म्हैस! चांगली धष्टपुष्ट म्हैस, शिंगाला माझा दोर, धारेची वेळ झाली म्हणून घरी निघालेली! लछूचा सुकलेला खुंट म्हणजे गवतात रवंथ करत बसलेल्या म्हशीचं शिंग. लछूच्या चष्म्यावर धुकं बसलेलं, त्याला काय दिसतंय? आणि रोज दावं बांधून घ्यायची सवय असलेली म्हैस, ती कशाला हलते?

मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागलो. मोठ्याने, शिट्टीसकट. त्याच अवस्थेत आमची वरात चामटोलीत शिरली.

आता गावाच्या बाजूने बघा. दिवेलागणीची वेळ. रानातून म्हैस येतेय, आणि तिच्यामागे जमिनीला पाय न टेकता, पांढरं फडफडणारं काहीतरी, छातीत लाल उजेड, हसतंय आणि शिट्टी मारतंय! ओट्यावरची माणसं आत. दारं धडाधड बंद. म्हैस तिच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली आणि मीही नाइलाजाने तिच्या शेजारी.

मला मात्र लछूची काळजी. तो वर एकटा, बाजूला कडा, अंधार पडत चाललेला, आणि टॉर्च माझ्या गळ्यात! मी शिट्टी थुंकली आणि घसा फोडून ओरडलो, "अहो, माणूस पाहिजे! माणूस!"

आतून बायका किंचाळल्या. एका दाराच्या फटीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कंचा मानूस पायजे तुला?"

"कुठलाही चालेल! दोन असले तर बरं!"

फटीतून एक लिंबू आलं. मग नारळ. मग भाताचा मुटका, बरोबर माझ्या कपाळावर. "ह्ये घे नि जा! गरिबांचं गाव हाय!"

"खायला नकोय हो! वर माझा एक पडलाय, त्याला आणायला पाहिजे!"

"आजून एक हाय!" आत कुणीतरी हंबरडा फोडला.

तेवढ्यात पठाराच्या वाटेने लछू आला. धडधाकट! डोक्यावर गवताचा भारा, गळ्यात माझी थैली, आणि सोबत एक म्हातारी. गयाबाई. म्हैस तिचीच. ती गवत कापायला गेली होती आणि धुक्यात एका जागी बसून राहिली होती. हॉर्न ऐकून उठली.

"कुनाचं तरी ल्येकरू रडतंय म्हून ग्येले," ती म्हणाली. "बगते तं ह्यो बाप्या!"

एवढ्या भयाण रानात, रडण्याच्या दिशेने चालत गेलेली ती एकटीच. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी अजून म्हशीला बांधलेला होतो. लछूने चाकूने दोर कापला. मी म्हटलं, "आजी, तुम्ही हाका मारत होता, आणि आम्ही उगीच घाबरलो बघा."

गयाबाईने माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मघापासून ती नुसती कुजबुजत होती. घोगरं, फाटक्या पोंग्यासारखं.

"मी? गौरीची गानी गाऊन गाऊन माजा घसा बसलाय. चार दिस झालं, आवाज नाय. आन म्हशीला कशाला हाक मारू? ती आपली आपन येते." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, तुमच्यातलीच कोन बाई बोलवते."

लछूने माझ्याकडे बघितलं. मी पठाराकडे बघितलं नाही.

क्वाड दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुष्कळ माणसं नेऊन खाली आणली. लछूने ती मोडून पुन्हा स्कूटरी केल्या. मी 'कुणाच्या बापाला' वगैरे म्हणायचं सोडलं. विषय संपला.

म्हणजे मला तसं वाटलं. दोन वर्षांनी एका सहकाऱ्याच्या लग्नाला मालिनी आणि मी चामटोलीला गेलो. गावात शिरताना वाटेकडेला शेंदूर फासलेला एक नवा दगड. पुढे लिंबं, नारळ, भाताचे मुटके. शेजारी बसलेल्या शिवराम नावाच्या म्हाताऱ्याला मालिनीने विचारलं, "बाबा, हा कुठला देव?"

"द्येव नाय, भूत हाय. म्हशीवाला. म्या सोताच्या डोल्यांनी पायलाय. गयाबाई म्हनं, मानूस व्हता. बाईमानूस, तिला काय कलतंय!"

"मग भीती वाटत असेल नाही गावाला?"

"छ्या!" म्हातारा तंबाखू मळत म्हणाला. "लय भित्रं भूत हाय त्ये. सारखं 'आई गं, आई गं' करत पलतं. आमची पोरं त्याला काठी दाखवत्यात!"

मालिनी पदर तोंडात कोंबून दगडामागे जाऊन बसली. मी मुकाट्याने हात जोडले. दुसरं काय करणार?