शिगवण सरांची मुकी टीम

शिगवण सर बोलताना तोंडातली शिट्टी काढत नसत. ती दातांत धरूनच 'नमस्कार' म्हणायचे, त्यामुळे नमस्काराआधी बारीकशी 'फुर्र' यायची. शिक्षकांच्या खोलीत मी आणि इंग्रजीचे सर पंख्यावरून भांडायला लागलो, की हा गृहस्थ कोपऱ्यातून शिट्टी मारून ओरडे, "फाऊल! दोघंही भायेर!" आणि आम्ही दोन पदवीधर माणसं खरोखर बाहेर जाऊन उभे राहत असू. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीजवळच्या आमच्या हायस्कुलात खेळ म्हणजे कबड्डी, फार तर क्रिकेट. फुटबॉल आणला तो सरांनी. कातळावरच्या मैदानात पडलं की गुडघा सोलवटून निघायचा, तरी पोरं यायची. त्यातही सरांची तऱ्हा वेगळी. दर सामन्याला कप्तान नवा. कप्तानाने सगळ्यांच्या जर्सी धुवायच्या, पाणी भरायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर खायचं. "मान कसला? हमाली हाय ती," सर म्हणायचे. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातवाला त्यांनी केळ्यांच्या साली उचलायला लावल्या, तेव्हा हेडमास्तरांना घाम फुटला होता.

एका वर्षी शिमग्यात गावात तंटा झाला. पालखी आधी कोणाच्या दारी न्यायची यावरून वरच्या वाडीने खालच्या वाडीला वाळीत टाकलं. खालच्या वाडीशी जो बोलेल त्याचं घरही वाळीत. म्हणजे त्याला विहिरीवर, लग्नात, मयताला कोणी विचारायचं नाही. आता आमचा गोलकीपर दत्ता वरच्या वाडीचा, आणि त्याच्या पुढ्यात बचावाला खेळणारा सुऱ्या खालच्या वाडीचा. एका बाकावर बसणारी ही दोन पोरं एकमेकांकडे न बघता खेळायला लागली.

परिणाम पावसाळ्यातल्या पहिल्याच सरावात दिसला. चेंडू अडवायला दत्ता गोल सोडून पुढे धावला, पण 'मी आलो' हे सांगणार कसं? तो मागे असेलच या भरवशावर सुऱ्याने चेंडू मागे सारला. चेंडू सरळ रिकाम्या गोलात. दोघं खाली मान घालून उभे राहिले. कोणी हसलं नाही.

मी सरांना म्हटलं, "दोघांतल्या एकाला काढा." त्यावर सरांनी माझ्याशीच अबोला धरला.

मग एका सकाळी फर्मान निघालं. मैदानात कोणीच बोलायचं नाही. अकराही जण मुके! हाक द्यायची ती कुकाऱ्याने. आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला 'कूऽऽ' करून हाळी देतात, तो कुकारा. एक कू म्हणजे 'मी आलो', दोन म्हणजे 'सोड'.

"कुकारा म्हंजे बोलणं न्हाय," सर म्हणाले. "गावाची बंदी बोलण्याला. कोल्हा वराडला तर त्याला काय वाळीत टाकतात?"

मी गणिताचा माणूस, पण मला यात चूक सापडेना. सुरुवातीला शेजारच्या भातशेतातल्या बायका पोरांना उलट कुकारा द्यायच्या. खेळ मात्र सुधारला.

तालुक्याच्या अंतिम सामन्याला वरच्या वाडीचे गावकर तात्या आले. वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. ते खेळ बघायला आले नव्हते, पोरं बोलतात का ते ऐकायला आले होते. छत्री टेकून नेमके दत्ताच्या गोलामागे उभे राहिले. माझं खेळाकडे लक्षच लागेना. मी तात्यांचे कान बघत होतो.

आम्ही एका गोलने पुढे होतो आणि वेळ संपत आली होती. चिखलातून चेंडू उसळला. सुऱ्या मागे धावला, दत्ता पुढे, आणि समोरचा दांडगा पोरगा दोघांच्या मधोमध घुसला. दत्ताला कू काही आठवली नाही.

"सुऱ्याऽऽ, सोड!"

सुऱ्याने सोडला. दत्ताने झेप घेऊन चेंडू छातीशी धरला. सामना आम्ही जिंकला, पण आमचा एकही पोरगा नाचला नाही. सगळे तात्यांकडे बघत होते. या एका हाकेपायी दत्ताच्या आईला उद्यापासून विहिरीवर कोणी उभं करणार नव्हतं.

सर चिखल तुडवत तात्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"तात्यानू, ता मी वराडलो."

"तुमी?"

"व्हय. काय दोष असंल तो माजा. मना टाका वाळीत."

तात्या बघत राहिले. ओरडणारा आवाज कोवळ्या पोराचा होता, आणि हाक आली तेव्हा सर होते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

"मास्तर, ह्या वयात आवाज फुटला व्हय तुमचा?"

"सर्दी हाय," सर म्हणाले.

तात्यांनी छत्री उचलली. "मना आताशा कमीच ऐकू येतं," असं कोणाकडेही न बघता म्हणत ते चालू लागले.

संध्याकाळी आम्ही दोघं एसटीची वाट बघत बसलो होतो. मी विचारलं, "एवढं अंगावर का घेतलंत?"

सर म्हणाले, "आमचं घर वाळीत होतं. मी शाळेत होतो तवा. आई गेली, तर उचलायला माणूस न्हाय. परगावचे मामा येईस्तोवर तशीच होती घरात. शेजारचा यशवंता दोन घरांमधल्या दगडी गडग्यापल्याड उभा राहून रडत होता. एका ताटात जेवायचो आमी. पण हाक न्हाय मारली त्यानं. कशी मारणार? बापाचं घर बुडालं असतं."

मी विचारलं, "आता कुठे असतो तो?"

"गिरणीत कामाला होता. ती बंद पडली, आला परत गावी. बायको गेली. तोही एकटा, मीही एकटा. वाळीत टाकलेलं कधीच मिटलं."

"मग तुम्हीच हाक मारा की."

दिवसभर मैदान डोक्यावर घेणाऱ्या या माणसाने तोंडातली शिट्टी काढून खिशात ठेवली.

"रोज सांजचा गडग्याशी जातो मी," सर म्हणाले. "तोही येऊन उभा ऱ्हातो पल्याड. काळोख पडला की जातो आपापल्या घरी."