सुभद्राकाकूंचा दम

सुभद्राकाकूंच्या घरात 'दमा' हा शब्द काढायला बंदी होती. श्वास कोंडून छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या, की त्या खांबाला धरून बसायच्या आणि गिऱ्हाइकाला हातानंच थांबवून म्हणायच्या, "थांबा जरा. जावई आलाय."

जावईच का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी पदरानं घाम टिपला. "मंग काय तर. न सांगता येतो, बसला की उठत न्हाई, आन् गेला तरी परत यायचं सांगून जातो."

नवख्या माणसाची यानं पंचाईत व्हायची. गल्लीत नव्यानं राहायला आलेली एक बाई जावई आल्याचं ऐकून वाटीभर शिरा घेऊन आली. काकूंनी धापा टाकत टाकत तो स्वतःच संपवला आणि वाटी परत देत म्हणाल्या, "पोचला बरं का जावयाला."

मी शाळामास्तर. बदली होऊन शिरूर कासारला आलो तेव्हा काकूंच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मिरची कांडायचं यंत्र होतं. नवरा गेल्यावर ते त्यांनी एकटीनं चालवलं. उन्हाळा लागला की तालुक्यातल्या बायका मिरच्यांची पोती घेऊन यायच्या आणि आमची सगळी गल्ली शिंकायला लागायची. काकूंना शिंकेवरून मिरची ओळखता यायची म्हणे. मी शिंकलो की त्या शेडमधून ओरडायच्या, "मास्तर, ही ब्याडगी हाय. यवढं शिंकायचं कारण न्हाई."

बायकांशी गोड, पण लेकरांवर मात्र काकू खार खाऊन असायच्या. आमची राधा तेव्हा चार वर्षांची. ती शेडकडे वळली की काकू झाडू उचलायच्या. "पळ तिकडं. लेकरं आवडत न्हाईत मला." राधाला त्यात खेळ वाटायचा, माझ्या बायकोला, सुनीताला, राग यायचा.

जावयासाठी काकूंचे उपाय ठरलेले. आधी ओव्याची पुरचुंडी, मग हळद-गूळ, आणि अगदीच नाही भागलं तर इंजेक्शन. मागे एका डॉक्टरनं त्यांना तोंडात ओढायचा पंपही लिहून दिला होता. तो देवांच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी पडून होता. "कावून घेत न्हाई?" असं मी त्यांच्याच भाषेत कारण विचारलं, तेव्हा त्यांनी तो वापरून दाखवला. पदराचं टोक धरलं, त्यावर अत्तरासारखा फुसकन मारला आणि पदर नाकाशी नेऊन हुंगला.

"बघा. वास बी न्हाई काई. निव्वळ फसवणूक. वर गल्लीतल्या बाया म्हंत्यात, पंप लागला की मरस्तोवर सुटत न्हाई."

पंप असा ओढायचा नसतो, एवढं मला कळत होतं. कसा ओढायचा असतो, ते मलाही माहीत नव्हतं.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, शेडमध्ये बायकांची रांग लागलेली असताना काकू खाली बसल्या. आम्ही नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना. ओठ काळेनिळे पडले होते. सुनीतानं धावत जाऊन मशीन बंद केलं. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली, तेव्हा कुठं त्यांच्या गालावर रंग आला.

तिथले डॉक्टर म्हणाले, "हे असं इंजेक्शनवर किती दिवस ढकलणार? अंबाजोगाईला जाऊन छाती नीट तपासून घ्या."

"शिझन हाय," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक तुटंल."

सुनीता त्यांच्या उशाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "काकू, आज तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला फार भीती वाटली."

काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि पुढं वाद घातला नाही.

अंबाजोगाईला त्यांना घेऊन मी गेलो. तपासणारी डॉक्टर तरुण होती, आवाजानं मऊ, पण कामात पक्की. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, आणि त्यांचे रिपोर्ट आल्यावर एका यंत्राच्या नळीत फुंकायला बसवलं. यंत्रावरचा माणूस म्हणत होता, "फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका." काकूंनी नळी तोंडातून काढली.

"एवढ्या फुंकण्यात माझी चूल पेटली असती. तुमाला काय पेटवायचंय ते तरी सांगा."

खोलीतले सगळे हसले. मग त्यांना एका पारदर्शक नळकांड्यातून पंपाचं औषध दिलं, थोडा वेळ बाहेर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या खेपेला काकू फुंकत राहिल्या, फुंकत राहिल्या आणि थांबल्यावर स्वतःच्याच छातीकडे बघायला लागल्या.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाली. "औषधानं श्वासाच्या नळ्या उघडल्या. आजी, हा दमा आहे. टीबी नाही, हृदयाचंही काही नाही. आतून नळ्या सुजतात, आणि धूर, मिरचीची धूळ गेली की आवळतात. तो मुळासकट जाणार नाही, पण मुठीत ठेवता येतो. हा पंप रोजचा, सूज कमी ठेवायला. हा दुसरा, धाप लागली तर. आता घेऊन दाखवा बरं."

काकूंनी पदराचं टोक पुढं केलं.

डॉक्टरनं हसू दाबलं. "म्हणजे आजवर पदराचा दमा बरा केलात." मग तिनं सावकाश शिकवलं. पंप हलवायचा, नळकांड्याला लावायचा, श्वास बाहेर सोडायचा, तोंड घट्ट लावून दाबायचं, हळूहळू आत ओढायचं आणि दम धरायचा. रोजचा पंप घेतला की चूळ भरायची. बाहेर रांग लागलेली असतानाही तिनं काकूंकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. मिरचीपासून लांब राहायलाही बजावलं.

मी उठलो, तरी काकू खुर्चीतच.

"बाई, येक इचारू? ह्याची लागण व्हती का?"

"नाही. दमा एकापासून दुसऱ्याला होत नाही."

"माज्या ताटातलं कुनी खाल्लं तर?"

"तरीही नाही."

"लेकरू मांडीवर घितलं तर? मुका घितला तर?"

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. "घ्या की आजी. खुशाल घ्या."

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कपाळाला लावले.

बीडला येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बसस्टँडवर उतरल्यावर हळूहळू सांगायला लागल्या. मंदा, त्यांची एकुलती लेक, तलवाड्याला दिलेली. काकूंना पहिल्यांदा खोकला धरला तेव्हा एका कंपाउंडरनं काही न तपासताच सांगितलं होतं, टीबीचं दिसतंय, लेकराबाळांपासून लांब ऱ्हा. तेव्हापासून नातवाला भेटायला गेल्या तरी दारातच उभ्या. तिखटाची पिशवी द्यायची, लांबूनच बघायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचं.

"मंदीला वाटतं, आईला माया न्हाई. तसंच वाटू दिलं मी. खरं सांगितलं आस्तं तर पोरगी जिवाला घोर लावून बसली आस्ती." त्यांनी पंपाची पिशवी काखेत नीट धरली. "तुमी जावा शिरूरला. मी तलवाड्याची गाडी धरते."

आठवडा गेला तरी काकू आल्या नाहीत. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी फोन लावला. त्यांचा आवाज फारच बारीक आला.

"काकू, पंप घेतला का?"

"घितला. चूळ बी भरली."

"मग आवाज असा का?"

"लेकरू निजलंय छातीवर," काकू कुजबुजल्या. "ठिवा आता. उठंल."