माती दुपारी तीनला

अरे, तू आधी ऐक तर! मधी बोलू नको. उदगीरच्या शिवप्रसादनं समाजासाठी वेबसाइट बनवली, निधनाची खबर द्यायची. कुणी गेलं की तीनच रकाने भरायचे, नाव, गाव, आणि माती, म्हणजे पुरायचं, कितीला. खाली एक मोठ्ठं बटण. दाबलं की दुःखाचा ठरलेला मजकूर जोडून बाराशे मोबाइलवर खबर! ‘खात्री आहे का?’ विचारणारं पान त्यानं मुद्दाम काढून टाकलं. रडत्या माणसाला दोन-दोनदा काय विचारायचं?

त्याचा सगळा जीव मामाच्या पोरीत, मंजुश्रीत. शुक्रवारी साखरपुडा, पण मामा, म्हणजे ईश्वरप्पा, अजून कुरकुरत होते, "पोरगं नुसता मोबाइल घासतंय." म्हणून गडी सकाळीच मामाच्या दारात.

"मामा, तुम्हीच चालवून बघा. तुम्हाला जमली म्हणजे समद्यांना जमली."

मामांनी चष्मा चढवला, एका बोटानं टिपत टिपत रकाने भरले आणि दाबलं बटण.

"लई सोपी हाय की रे!"

"नाव कुणाचं टाकलं?"

"माझंच. दुसऱ्याचं टाकून त्याला मारू का?"

शिवप्रसादनं मोबाइल ओढून घेतला! खबर मागं घ्यायची सोयच नव्हती. मेलेला कुठं परत येतो? मग घाईघाईत त्यानं नवीन खबर टाकली. नावाच्या रकान्यात भरलं ‘ईश्वरप्पा जिवंत आहेत’. वेळेचा रकाना रिकामा सोडता येईना, म्हणून मामांचीच वेळ टाकली. बाराशे मोबाइल वाजले: "कळवण्यास अत्यंत दुःख होते की, ईश्वरप्पा जिवंत आहेत. माती दुपारी तीनला."

दुपारपर्यंत दारात हार घेऊन ही गर्दी. मुखेडहून केवळाबाई मावशी एसटीनं रडत आली, भाऊ चहा पिताना दिसला आणि उंबऱ्यावरच कोसळली. कपाळाला तीन टाके!

तेवढ्यात स्मशानातला विरूपाक्ष खांद्यावर फावडं टाकून हजर.

"खड्डा तयार हाय. चला."

"अरे, मी जिता हाय!"

"ते तुमचं तुम्ही बघा, अण्णा. पण खणलेला खड्डा रिकामा बुजवत न्हाईत. घरातलं माणूस मागतो त्यो."

मामांनी भाच्याकडं बघितलं.

"शिवा, ज्याच्यामुळं खणला, त्यानं त्यात घटकाभर बसून उठावं, म्हंजी खड्डा रिकामा ऱ्हायचा न्हाई. बसलास तर शुक्रवारी साखरपुडा. न्हाई तर मंजूला दुसरं स्थळ."

मंजुश्रीनं आतून बसायला घोंगडी आणून दिली.

तीनला पाच कमी. शिवप्रसाद स्मशानात, चपला काढून खड्ड्याच्या काठावर उभा. खाली गार, काळी माती. भोवती हार घेतलेली दोनशे माणसं, आणि विरूपाक्ष हातावर थुंकून फावडं उचलतोय. आता तू सांग, तू असतास तर उतरला असतास?