ढोबळेकाकांची मूठ

रविवार, सकाळचे अकरा. तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातली मराठी मंडळाची खोली. हजर: मी (चिटणीस), कुंदाताई, तिचा मुलगा आणि न बोलावता आलेले ढोबळेकाका.

रेल्वेतून निवृत्त झालेले काका कुणाला नमस्कार करत नाहीत. बीपी मशीनचा गुंडाळलेला पट्टा समोरच्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "दाबा!" काटा किती चढला ते वहीत टिपतात. वर शेरा: "मंडळाचे अध्यक्ष, अन् मूठ पापडावानी!"

त्याचं असं झालं. एक थेंबही न घेता, निव्वळ जिलेबीच्या जोरावर काकांचं लिव्हर बिघडलं. मोठ्या दवाखान्यात त्यावर संशोधन सुरू आहे, त्यात काकांना घेतलं. लिव्हर खराब झालं की हातापायांचं मांसही झडतं, म्हणून तिथे मुठीची ताकद मोजतात. तुलनेला घरचं एक निरोगी माणूस आणायचं होतं. तेव्हापासून काका "आमच्या रिसर्चमध्ये" असंच बोलतात, जणू डॉक्टर यांच्या हाताखाली आहेत.

काका एकटेच राहतात. त्यांनी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एकूण एक माणसाची मूठ दाबून पाहिली आणि सगळ्यांना नापास केलं. भांडीवाल्याला शुगर. कुंदाताई "बोलूनच थकते". तिचा मुलगा म्हणाला, "अंकल, मैं चलूँ?"

"तू पोट्टा हायेस. रिसर्चले वजनदार माणूस लागते."

"काका, उद्या शेवटचा दिवस," मी म्हटलं. "माणूस नेलं नाही तर नाव कटेल. कशाला एवढे नखरे?"

"पाहून राहिलो न, वहिनी."

मी त्यांच्या वहीतला दवाखान्याचा फॉर्म हिसकावला. अट स्पष्ट होती: रुग्णाच्या घरचंच जेवणारी व्यक्ती. म्हणजे पाऱ्यातलं कुणीच चालणार नव्हतं, आणि काकांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सोबत आहाराची नोंद जोडलेली. रोज दलिया, रोज दलिया. फक्त मंगळवारी आणि शनिवारी वेगळं: "घरचं. वांगं." "घरचं. मेथी."

त्या दोन वारी माझ्याकडची उरलेली भाजी त्यांच्याकडे जाते.

"आणा तो पट्टा," मी म्हटलं आणि दाबला. काकांनी आकडा लिहिला. शेरा मारला नाही.

फॉर्मवर माझं नाव, वय, पत्ता लिहून झालं. दोन वार अटीत बसतात का, ते डॉक्टर बघतील. उद्या नऊला निघायचंय. 'रुग्णाशी नातं' हा रकाना तेवढा भरायचा राहिलाय.