भटक्या ताऱ्याची मोजणी

"तारा असो नाहीतर तबेला, मोजणी ती मोजणीच!" धाकूदादा भोईर म्हणाले आणि बशीतला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "अर्धी डोंबिवली मी मोजून दिलीय. मोजणीदार नुसता छत्रीखाली उभा असायचा. साखळी ओढायचो मी!"

"आणि उरलेली अर्धी कोणी मोजली?" आतून त्यांच्या बायकोने, तुळसाबाईंनी विचारलं. "तेव्हा तुम्ही बांधावर झोपलेलात वाटतं?"

धाकूदादांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मानपाड्यातल्या आपल्या बंगल्याच्या ओटीवर बसून ते नातीकडून ताऱ्याची माहिती घेत होते.

नात म्हणजे समृद्धी. नुकतीच बीएस्सी झालेली. आता तिला आकाशाचाच अभ्यास पुढे करायचा होता, पण तिचा बाप दिपेश रेती-खडीचा धंदा करणारा. त्याला आकाशातलं एकच कळायचं, ते म्हणजे पाऊस आला की ट्रक अडकतात. त्याने स्पष्ट सांगितलेलं, "ठाण्याला ती स्पर्धा आहे ना तुझी? जिंकलीस तर शिक. नाही जिंकलीस तर माझ्या ऑफिसात बसायचं. निकाल लागेपर्यंत थांबतो, त्यापुढे एक दिवस नाही!"

स्पर्धा एका आकाशप्रेमी मंडळाची होती. त्यांनी एक तारा कल्पनेतून तयार केलेला. हा तारा आपल्या आकाशगंगेतून बाहेर फेकला गेलेला, तीन ग्रह बरोबर घेऊन काळोखातून एकटाच भटकणारा. तिथे माणसांची वसाहत करता येईल का, याची पाहणी करून अहवाल द्यायचा. सहा संघ, सगळ्यांना तोच तारा. आणि एक अजब नियम! प्रत्येक संघात साठीपुढचा एक अनुभवी सदस्य हवा आणि अहवालावर त्याची सही हवी. सही नाही, तर अहवाल बाद.

समृद्धीच्या संघात तिची मैत्रीण अंतरा होती आणि अनुभवी सदस्य म्हणून धाकूदादा. त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी समृद्धीनेच अक्षरं शिकवलेली. त्यामुळे तिने मागितलं असतं तर त्यांनी ताऱ्यावर काय, मिरचीच्या पोत्यावरही सही केली असती.

"आजोबा, हा तारा खरा नाही हां," समृद्धी म्हणाली.

"म्हंजे कागदावर हाय, जागेवर नाय?"

"हो."

"मग त्यात नवीन काय गो? तशा जागा मी ढीगभर पाहिल्यात. बरं, याची चतुःसीमा सांग. पूर्वेला कोन, पश्चिमेला कोन?"

"कोणी नाही. तो एकटाच आहे. आणि सारखा सरकत असतो."

धाकूदादांच्या हातातली बशी थांबली. "जागा सरकते?"

"सेकंदाला शेकडो किलोमीटर."

"आनि शेजारी कोनीच नाय?" धाकूदादांनी पागोटं काढून डोकं खाजवलं. पन्नास वर्षांत त्यांनी बांध सरकलेला पाहिलेला. खुंट तर शेजारी झोपेतही सरकवतात. पण अख्खी जागाच उठून चालायला लागली, असं कधी झालं नव्हतं!

"आजोबा, तुम्ही विचार करू नका. तीनच वाक्यं वाचायची. तिसऱ्या ग्रहावर पाणी आहे. हवा आहे. वसाहत शक्य आहे. मग सही. बास!"

"तीन वाक्यांसाठी मना कशाला सांगतेस? तीन पानं दे!" धाकूदादा म्हणाले.

स्पर्धेच्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. खांद्यावरच्या पिशवीत एक नारळ होता. जमिनीला पहिली साखळी लावण्याआधी गावदेवीचा नारळ फोडायचा, ही त्यांच्या घरची रीत. नारळ न फोडता मोजलेली जमीन कधी लाभत नाही म्हणे. मग जी जमीन चालते, तिला तर दोन नारळ हवेत. पण पिशवी लहान होती.

ठाण्याच्या त्या हॉलमध्ये सहा टेबलं मांडलेली. समोर परीक्षक योगिनी मॅडम, निवृत्त प्राध्यापिका. त्या इतकं शुद्ध बोलायच्या की धाकूदादा आपोआप सावरून बसले.

"मानपाड्याच्या संघाने आपले सादरीकरण सुरू करावे," मॅडम म्हणाल्या.

अंतराने लॅपटॉप उघडला. समृद्धी उभी राहिली. तेवढ्यात धाकूदादा म्हणाले, "थांब गो, एक मिनिट!" आणि नारळ फोडायला त्यांनी दगड शोधला. हॉलमध्ये दगड कुठला! मग त्यांनी टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावरच नारळ हाणला.

नारळ फुटला. एकदम झकास फुटला! निम्मं पाणी धाकूदादांच्या सदऱ्यावर आणि निम्मं लॅपटॉपमध्ये. पडद्यावरचा तारा एकदा हिरवा झाला, एकदा जांभळा झाला आणि गपकन विझला.

"माझा लॅपटॉप!" अंतरा किंचाळली.

"देवीने घेतला म्हनायचा," धाकूदादा म्हणाले. "खोबरं खा."

समृद्धीचं तोंड पांढरंफटक पडलं. तीन महिन्यांचं काम त्या डब्यात होतं! हातात उरला फक्त माहितीचा छापील कागद. ती बिनपाण्याचा लॅपटॉप शोधायला दुसऱ्या टेबलांकडे धावली. जाताना म्हणाली, "आजोबा, तोवर हा कागद वाचत राहा. थांबू नका!"

धाकूदादा खणखणीत आवाजात, शब्दाखाली बोट धरून वाचायला लागले. पहिल्या ग्रहावर नुसती आग. दुसऱ्यावर नुसता बर्फ. तिसऱ्यावर पाणी, हवा. "खडकांवर हिरवी बुरशी आढळते. रहिवासी... कोणी नाहीत. जागा पूर्ण मोकळी."

इथे ते थांबले.

परत मागे गेले. बुरशीवर बोट ठेवलं, मग 'कोणी नाहीत' वर ठेवलं. परत बुरशीवर.

"मॅडम, ह्ये कोनी लिवलं?"

"माहिती आम्हीच दिली आहे. का बरे?"

"बुरशी हाय म्हनता आनि परत कोनी नाय म्हनता? आमच्या मिठागराच्या कागदावर पन असंच लिवलेलं. जागा मोकळी! आनि आमी बारा घरं तिथं गुडघाभर चिखलात उभी!"

"अहो, पण ती केवळ बुरशी आहे."

"आमाला पन तवा लय मोठं समजत नव्हते कोनी. आधीपासून कोन हाय ते बघायचं. जागेवर जाऊन पंचनामा केलाय का?"

"जागा काल्पनिक आहे हो, आजोबा!"

"म्हंजे केलेला नाय! पाच पंच बोलवा."

आता बघा, सहा संघ, म्हणजे धाकूदादांशिवाय पाच म्हातारे. सकाळपासून त्या पाचांना कोणी काही विचारलं नव्हतं, नुसतं बिस्कीट देऊन बसवलेलं. 'पंच' हा शब्द कानावर पडताच पाचही खुर्च्या एकदम सरकल्या.

मोहने गावच्या विमलाबाई सर्वांत आधी पोचल्या. "काय झालं? कुठली जागा चाललीय?"

"तिसरा ग्रह. बुरशीची वहिवाट हाय आनि ह्ये मोकळी दाखवतात."

"अगो बाई! म्हणजे आमचाही तोच ग्रह? मी तर सही करायला पेन काढलेलं!"

शीळफाट्याचे साईनाथकाका चष्मा पुसत आले. त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "गट नंबर कुठे आहे? आणि रस्ता? जायला रस्ताच नाही दाखवलेला. उद्या लोक नेऊन सोडतील आणि रस्ता कोण देणार?"

"आनि जागा सरकते," धाकूदादा हळूच म्हणाले.

"काय?"

"सेकंदाला शेकडो किलोमीटर."

पाचही पंच कागदावर वाकले. मग एकदम बोलायला लागले! सरकत्या जागेची नोंद कशी होणार, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली तर भांडणाला कोण जाणार, बुरशीच्या वतीने नोटीस कोणी घेतली. काठीवाल्या एका आजींनी तर ग्रामसभेशिवाय ग्रह द्यायचा नाही, असं जाहीर करून टाकलं. बाकीचे संघ आपापल्या म्हाताऱ्यांना ओढत होते. "आजी, सही कर ना!" "काका, फक्त सही!" पण सही म्हटल्यावर प्रत्येक हात पाठीमागे गेला. आयुष्यभर न वाचता केलेल्या सह्या आणि उठवलेले अंगठे त्या सहा जणांना एकदम आठवलेले.

योगिनी मॅडमनी नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. सही नाही तर अहवाल बाद. सहाच्या सहा बाद! विजेता कोण? कोणीच नाही. हरलं कोण? कोणीच नाही. शेवटी त्यांनी घाम पुसला आणि कागद पुढे ओढला. "हरकत घेणाऱ्यांची नावे सांगा. सुनावणी तीन महिन्यांनी ठेवू. तोवर निकाल राखून ठेवत आहे."

धाकूदादांनी रुबाबात पाचही पंचांची नावं सांगितली, गावासकट. वर बुरशीचंही घालायला लावलं.

घरी परतताना समृद्धी रिक्षातून बाहेर बघत बसली. कल्याण रोडच्या वळणाला नुसतं म्हणाली, "वाट लावलीत, आजोबा." धाकूदादांना आता कळलं. ताऱ्याचं काय व्हायचं ते होवो, पोरगी खडीच्या ऑफिसात बसणार! ओल्या सदऱ्यात ते अंग चोरून बसले.

दिपेश दारातच उभा होता. "जिंकली?"

"नाय," धाकूदादा म्हणाले.

"मग हरली!"

"नाय."

"अरे बाबा, असं कसं? निकाल काय लागला?"

"निकाल नाय लागला. तारीख पडली."

दिपेश दारातून बाजूला झाला. त्याचा स्वतःचा एक दावा अकरा वर्षं चाललेला. तारीख म्हणजे काय हे त्याला कोणी समजावायची गरज नव्हती. "किती दिवसांची?"

"तीन महिने."

"तोवर तर हिचं ॲडमिशन होऊन जाईल!"

धाकूदादांच्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. पाठ ताठ झाली. "मग होऊ दे! निकाल लागेपर्यंत थांबतो, असं तूच बोललेलास. आता हाय ती परिस्थिती ठेवायची. तुला काय सांगायचं, तू तर कोर्टात जुना!"

आत निघालेली समृद्धी गर्रकन वळली. मिनिटाभरात ती फॉर्म घेऊन आली. "पप्पा, इथे पालकांची सही."

दिपेशने फॉर्म पाहिला, बापाला पाहिलं, परत फॉर्म पाहिला. आणि केली सही! समृद्धीने आजोबांच्या गळ्यात हात टाकले, ओल्या सदऱ्यासकट.

दिपेश मात्र पेन बंद करता करता थांबला. धंद्याची नजर, ती कुठे जाते!

"बाबा, हरकत घेतली म्हणजे मोबदला हरकतदारालाच मिळणार. नावं कोणाकोणाची लिहून दिलीत?"

"विमलाबाई, साईनाथ, ती काठीवाली, आनखी दोघं," धाकूदादा बोटं मोजायला लागले. "आनि बुरशी."

"आणि आपलं?"

धाकूदादांनी बोटं परत मोजली. मग हात हळूच सदऱ्याच्या खिशात घातला.

"तुळसा," त्यांनी आत हाक मारली, "जरा चहा टाक गो!"